तहसील कचेरीत अठ्ठावन्न फूट पाणी

आमच्या तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्याला जून २०२४ मध्ये सहा पानांचं एक परिशिष्ट जोडलं गेलं. ते जोडलं जावं म्हणून आम्ही काही जण ऑक्टोबर २०२३ पासून मागे लागलो होतो. अजून न घडलेल्या, कदाचित कधीच न घडणाऱ्या संकटांची चित्रं आधी रंगवायची, ती अधिकाऱ्यांपुढे ठेवायची आणि 'असं झालंच तर कोण काय करणार' हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचं, असं हे काम. जगभर सरकारं फोरसाइट या नावाने ते करतात. मी कॉलेजात भूगोल शिकवते. सरकारी कचेरीशी माझा संबंध सातबारा आणि रेशन कार्ड यांच्या पलीकडे कधी आला नव्हता. आपल्या तालुक्यात कुणाला असलं काही करावंसं वाटलं तर वाट अगदीच अनोळखी राहू नये, म्हणून हे लिहितेय. तालुक्याचं नाव मुद्दाम देत नाही. पंचगंगेच्या काठचा आहे, एवढं पुरे.

पंचगंगेकाठच्या माणसाला पावसाळ्यात फुटांची भाषा शिकवावी लागत नाही. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ च्या वर गेलं. महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता आणि कोल्हापूर शहराला पाणी पुरवणारे पंपच पाण्यात बुडाले. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी ५६ च्या वर. २०१९ ला इतकी माणसं घरात का अडकली, याचं एक कारण इथे शेंबडं पोरही सांगेल. २००५ च्या पुराची रेघ प्रत्येकाच्या मनात पक्की होती. 'आमच्या उंबऱ्याला पाच साली लागलं नव्हतं' म्हणत लोक बसून राहिले. सरकारी आराखडाही फार वेगळा विचार करत नाही. मागच्या पुरातली गावं, मागच्या पुरातल्या याद्या, मागच्या पुरातले फोन नंबर. लोकांच्या मनातल्या रेघेवर गोल शिक्का नसतो, एवढाच फरक.

ऑक्टोबरात मी आणि कॉलेजातले दोन सहकारी तहसीलदारांना पहिल्यांदा भेटलो. मी तयारी करून गेले होते. शेल कंपनीत पिएर वाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेलाचा पुरवठा आवळला गेल्याची चित्रं वरिष्ठांपुढे आधीच कशी ठेवली होती आणि १९७३ चं तेलसंकट त्यामुळे त्यांना अगदीच परकं कसं वाटलं नाही, हे सांगितलं. फिनलंडच्या संसदेत १९९३ पासून भविष्याचा विचार करणारी समिती आहे, सिंगापूर सरकारने २००९ मध्ये याच कामासाठी केंद्र काढलं, हेही सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. चहा आला. फिनलंडचा आमच्याकडे कुणावर परिणाम होत नाही.

परिणाम झाला राधानगरीचा. उठता उठता माझ्या सहकाऱ्याने २९ डिसेंबर २०२१ ची आठवण काढली. धरणावर दुरुस्तीचं काम चालू असताना एक दरवाजा उघडाच अडकला आणि ऐन हिवाळ्यात पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावतीला पाणी सुटलं. नदीकाठच्या लोकांना डिसेंबरात सावध करायची वेळ आली. साहेब म्हणाले, "आपला कंट्रोल रूम एक जूनला सुरू होतो. डिसेंबरात फोन कुणी उचलला असता?" प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला होता. पण काम तिथेच सुरू झालं.

अर्ज कुणाला करायचा, हा पहिला घोळ. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्ह्याचा आराखडा असावा लागतो आणि तो दरवर्षी तपासून अद्ययावत करावा लागतो. हे कलम ३१ मध्ये आहे. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. तालुक्याचं काम तहसीलदार बघतात. म्हणून अर्ज तहसीलदारांच्या नावे आणि प्रत जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला. हा मार्ग मला एका अव्वल कारकुनांनी दाखवला. त्यांनीच माझ्या अर्जाचा विषयही बदलला. मी लिहिलं होतं, 'भविष्यवेधी नियोजन कार्यशाळेबाबत'. ते म्हणाले, "मॅडम, हे वाचून साहेब फाइल बाजूला ठेवतील, सवडीनं बघू म्हणून. लिहा, 'कलम ३१ अन्वये आराखडा अद्ययावत करणेबाबत सहकार्य'. मग ती आमच्या कामाची फाइल होते." अर्ज एकच पान ठेवा आणि आवक क्रमांक हातात पडल्याशिवाय कचेरीतून हलू नका. पुढच्या प्रत्येक चौकशीत पहिला प्रश्न तोच येतो.

वेळ मात्र वाईट होती. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. ३१ ऑक्टोबरला राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आमच्या जिल्ह्यातले हातकणंगले आणि गडहिंग्लजही होते. टंचाईच्या याद्या टाइप होत होत्या त्याच टेबलासमोर मी पुराचा अर्ज घेऊन उभी राहत होते. शिपायापासून सगळे हसत. एकदा एक शेतकरी मागून म्हणाला, "बाई, आधी पाऊस पाडा, मग पूर आणा." मलाही हसू आलं. पण नंतर वाटलं, पुराचा विचार करायला हीच वेळ बरी. पाणी दारात असताना कुणी पुढचा विचार करत नाही. तेव्हा फक्त बोट कुठाय एवढंच विचारतात.

नोव्हेंबर आणि डिसेंबर फाइलने खाल्ले. टिपणी लिहिली गेली, मग ज्यांना सगळं समजावून झालं होतं त्या अधिकाऱ्यांची बदली झाली. नव्यांना पुन्हा पहिल्यापासून. मला त्या दिवसांत खरंच वाटलं होतं की सोडून द्यावं. टिकून राहण्यामागे काही मोठा निश्चय वगैरे नव्हता. विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून माहिती आणायला सुरुवात केली होती आणि त्यांना थांबा म्हणायचं जिवावर आलं. जानेवारीच्या मध्याला परवानगीचं पत्र मिळालं. त्यात एक अट होती, 'शासनावर कोणताही आर्थिक भार पडणार नाही'. खर्चाचं सांगूनच टाकते. मोठे नकाशे छापणं, झेरॉक्स, गाडीभाडं आणि चहा-नाश्ता धरून सगळं मिळून बारा हजारांच्या आसपास गेलं. निम्मे कॉलेजच्या विस्तारकार्यातून आले, उरलेले आम्ही तिघांनी घातले. पंचायत समितीचा हॉल फुकट मिळाला. माइक मात्र आपला न्यावा.

जानेवारी ते फेब्रुवारी हा या सगळ्यातला मला सर्वांत आवडलेला काळ. चित्रं हवेतून रंगवायची नसतात. ज्यांना बदल सगळ्यांच्या आधी दिसतो त्यांना जाऊन विचारायचं असतं, आणि ती माणसं बहुधा बैठकीला बोलावलेली नसतात. आम्ही नावाड्याला भेटलो, पेट्रोल पंपवाल्याला, आशाताईंना, दूध संस्थेच्या सचिवांना, वायरमनला. सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: गेल्या पाच वर्षांत तुमच्या कामात असं काय बदललं, ज्याची वरती कुणाला खबर नाही?

वायरमन म्हणाले, "पाणी चढलं की आम्ही फिडर बंद करतो. करावाच लागतो, न्हाईतर माणूस चिकटंल. फिडर गेला की थोड्या तासांत टॉवरची बॅटरी बसते. तुमचा त्यो पूर नियंत्रणाचा व्हॉट्सॲप ग्रुप हाय न्हवं, त्यो माझ्या हातानं बंद पडतोय." हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. तालुक्याचा गावागावाशी संपर्क जवळजवळ पूर्ण त्या ग्रुपवर होता.

दूध संस्थेच्या सचिवांनी स्थलांतराचं गणित उलटं करून दाखवलं. माणूस म्हशीमागं जातो, म्हैस माणसामागं नाही. घरात दोन म्हशी असतील तर तुम्ही कितीही भोंगा फिरवा, कर्ता माणूस हलत नाही. निवारा केंद्रात आधी वैरण नेऊन टाका, लोक आपोआप येतील. आराखड्यात क्रम होता तो असा: आधी माणसं, मग 'शक्य झाल्यास' जनावरं.

आणि मुकादम, म्हणजे ऊसतोड टोळीचा म्होरक्या. हे नाव आमच्या यादीत नव्हतंच. माझा एक विद्यार्थी म्हणाला, आमच्या मळीच्या रानात ऊसतोडीच्या कोप्या पडल्यात, तिथल्या मुकादमाशी बोलूया का? गेलो. नदीपासून हाकेच्या अंतरावर, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या. बैलं बांधलेली, चुलीवर भाकरी चाललेल्या. बीडकडची टोळी. मी विचारलं, तुम्ही इथे किती जण आहात? ते म्हणाले, "वीस कोयते." एक कोयता म्हणजे नवरा-बायको. म्हणजे चाळीस? "चाळीस अन् लेकरं. यादीत कोयते असत्यात, लेकरं नसत्यात." यादी कुठे असते? "कारखान्यात. टोळीच्या नावानं." ग्रामपंचायतीत? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले.

ऊसतोड मजूर नोव्हेंबरात येतात आणि साधारण मार्चमध्ये परत जातात. पूर जुलै-ऑगस्टचा, म्हणून त्यांचा आणि पुराचा संबंध कुणी कधी जोडलाच नाही. पण राधानगरीचा दरवाजा डिसेंबरात उघडला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये पंढरपूरला परतीच्या पावसात कुंभार घाटाची भिंत कोसळून माणसं गेली, तीही आपल्याच मुलखात. ओखी वादळ २०१७ मध्ये डिसेंबरात आलं. नोव्हेंबरात धरणं काठोकाठ भरलेली असतात, सिंचनासाठी राखलेली. वरून जोराचा पाऊस झाला तर अडवायला जागा नाही, येईल तेवढं पाणी खाली. आमचं पहिलं चित्र त्या रानात उभ्या उभ्या तयार झालं.

एकूण तीन चित्रं केली. पहिलं, २२ नोव्हेंबर २०२६, रविवार: अरबी समुद्रातलं वादळ, भरलेली धरणं, रात्रीत चढणारं पाणी. दुसरं, जुलैतला पूर, पण राजाराम बंधाऱ्यावर ५८ फूट, महामार्ग बंद आणि मोबाइल मुके. तिसरं पाण्याच्या टंचाईचं होतं: सलग कोरडी वर्षं, आटलेली प्रदूषित नदी आणि काविळीची साथ. इचलकरंजीने २०१२ मध्ये अशी साथ पाहिलेली आहे. पण हे तिसरं चित्र बैठकीत उभंच राहिलं नाही. पाणीपुरवठ्याचे अधिकारी आले नव्हते आणि जो माणूस टेबलावर नाही त्याच्या वतीने कुणी काही ठरवत नाही.

खरी लढाई झाली ती अठ्ठावन्नवर. कार्यशाळेच्या आधी मजकूर दाखवायला गेले तेव्हा एका अधिकाऱ्यांनी तो आकडा पेन्सिलने गोल केला. "हे नको मॅडम. उद्या पेपरात येईल, 'प्रशासन म्हणते ५८ फूट'. लोक घाबरतील. जागांचे दर पडतील, बिल्डर येऊन बसतील इथं. आणि समजा आलंच तेवढं पाणी, तर विधानसभेत प्रश्न येईल, माहीत होतं तर काय केलंत?" त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कागदावर न आलेल्या संकटाबद्दल कुणी नोटीस काढत नाही. कागदावर आलेल्या संकटाला मात्र उत्तर द्यावं लागतं. इतके महिने मला वाटत होतं, कल्पना करणं अवघड असतं. तसं नाही. २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या माणसांची कल्पनाशक्ती शाबूत आहे, ५८ काय, ६० फुटांचंही ते डोळे मिटून वर्णन करतील. अवघड आहे ते त्या कल्पनेला जावक क्रमांक देणं.

तोडगा त्याच अव्वल कारकुनांनी काढला. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरात, 'रंगीत तालमीसाठी कल्पित परिस्थिती; हा अंदाज नाही'. मूळ आराखड्याला हात न लावता परिशिष्ट. आणि आकड्याशेजारी एक वाक्य, 'जुलै २०२१ च्या पातळीपेक्षा सुमारे दोन फूट अधिक गृहीत धरून'. एवढ्यावर पेन्सिलचा गोल खोडला गेला. असं काम करणाऱ्याने हे तीन शब्दप्रयोग पाठच करून ठेवावेत.

कार्यशाळा फेब्रुवारीच्या अखेरीस झाली. महसूल, पोलीस, आरोग्य, वीज, पाटबंधारे, सात गावांचे सरपंच, तलाठी, ग्रामसेवक आणि आम्ही भेटलेले लोक. मुकादमांना बोलावलं होतं, पण तोड बंद ठेवून येणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांच्या टोळीतला एक पोरगा आला. भडंग आणि चहा झाला. सुरुवातीला सगळे आपापल्या खात्याच्या खुर्चीत बसले होते, म्हणून आम्ही भूमिकांची अदलाबदल केली. तहसीलदार झाले पोलीस पाटील, एक सरपंच झाले तहसीलदार, पाटबंधारेचे अभियंता झाले दूध उत्पादक. या एका गोष्टीने हॉलचा नूर पालटला. सरपंच तहसीलदारांच्या थाटात म्हणाले, "मला लेखी द्या!" आणि खरे तहसीलदारसुद्धा खळखळून हसले.

मग नोव्हेंबरचं चित्र वाचायला सुरुवात केली. तासाला एक चिठ्ठी. रविवार, संध्याकाळी सात: धरणातून विसर्ग वाढवल्याचा निरोप. नऊ: ओढ्याचं पाणी रस्त्यावर. सरपंच-तहसीलदारांनी हुकूम सोडला, "बोट काढा."

"बोट गोदामात आहे," महसूलचे लिपिक म्हणाले.

"मग काढा की."

"किल्ली भांडारपालाकडं. त्यो शनिवारी गावी जातो."

"कुलूप तोडा."

"इंजिनाचं सर्व्हिसिंग मेमध्ये होतं. आता नोव्हेंबर हाय. सुरू होईल का सांगता येत न्हाई. पेट्रोल पण भरून ठेवत न्हाई आपण. पंप पलीकडच्या काठाला."

हॉलमध्ये हशा पिकला होता, तो हळूहळू ओसरला. पुढची चिठ्ठी मी वाचली: रात्री अकरा, मळीच्या रानात पाणी शिरलं, तिथे ऊसतोड मजुरांच्या कोप्या आहेत. पोलीस पाटलाच्या भूमिकेतल्या तहसीलदारांनी समोरची गावाची यादी चाळली. कुटुंबांची नावं, घर क्रमांक, वृद्ध, गरोदर बायका, सगळं होतं. ते म्हणाले, "माझ्या यादीत ही माणसं नाहीत. मी कुणाला उठवू? किती जण बाहेर आले म्हणजे सगळे आले?"

टोळीतला पोरगा मागच्या रांगेत होता. तो उभा राहून म्हणाला, "आमच्यात एकाकडं यादी असती साहेब. उचल कुणाला किती दिली त्याची वही."

मुकादमाची उचलीची, म्हणजे मजुरांना आगाऊ दिलेल्या पैशांची वही. गावात रात्री झोपलेल्या प्रत्येक मजूर कुटुंबाची नोंद असलेला तो एकमेव कागद. त्यातही लेकरं नाहीतच. त्यानंतर मला फारसं बोलावं लागलं नाही. फळ्यावर आम्ही मध्ये एक घटना लिहून तिच्याभोवती परिणाम आणि परिणामांचे परिणाम यांची वर्तुळं काढत होतो. ही पद्धत जेरोम ग्लेन यांनी १९७१ मध्ये सुचवलेली, अगदी सोपी, खडू असला की पुरते. फिडर बंद, म्हणून टॉवर बंद, म्हणून ग्रुप बंद, म्हणून पोलीस पाटील एकटे. शेवटच्या वर्तुळापर्यंत पोचल्यावर पोलिसांनी स्वतःहून विचारलं, आमच्या वायरलेस सेटवर महसूलचा माणूस बसवता येईल का?

दुपारनंतर कंटाळवाणं पण महत्त्वाचं काम. चार रकाने आखले: खूण, निर्णय, सही, हेड. कोणती खूण दिसली की, कोणता निर्णय, कुणाच्या सहीने, कोणत्या लेखाशीर्षातून. चित्र कितीही थरारक असो, या चार रकान्यांत उतरलं नाही तर ते भाषण होतं आणि लोक टाळ्या वाजवून घरी जातात. 'हेड' या रकान्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. अधिनियमाच्या कलम ५० खाली आपत्तीच्या तोंडावर निविदेशिवाय तातडीची खरेदी करता येते, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे त्यावर विसंबून होते. पण रात्री अकराला परवानगी मिळाली म्हणून रात्री बाराला बोटीचं इंजिन मिळत नाही. शेवटी नवी खरेदी मागायचीच नाही असं ठरलं. जे आहे त्याचा वेळ बदलायचा: सर्व्हिसिंग मे आणि ऑक्टोबर असं दोनदा, किल्ली दोन जणांकडे, पावसाळा संपल्यावरही नियंत्रण कक्षाचा फोन पोलीस ठाण्याकडे वळवलेला. पैसे जवळजवळ लागत नाहीत म्हणून सह्या लवकर झाल्या. फोरसाइटवरचं बरंच लेखन मोठमोठ्या धोरणांबद्दल बोलतं. तालुक्याच्या पातळीवर किल्ली कुणाकडे, हाच धोरणाचा प्रश्न असतो, असं माझं मत झालंय.

मसुदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात दिला. मार्च म्हणजे वर्षअखेर, कुणाला मान वर करायला फुरसत नाही. त्यात १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्या मसुद्याचा आचारसंहितेशी काही संबंध नव्हता, पण सगळं मनुष्यबळ निवडणुकीच्या कामाला. ७ मेला आमच्याकडे मतदान झालं. तोवर मसुद्याबद्दल कचेरीत विचारणंही बरं दिसत नव्हतं. मे महिन्यातल्या मान्सूनपूर्व आढावा बैठकीत तो शेवटी पटलावर आला. त्या बैठकीची विषयपत्रिका आधी आठवडाभर ठरते. आपला विषय तीत आहे ना, हे बघायला हवं. 'ऐनवेळचे विषय' मध्ये गेलो तर जेवणाची वेळ झालेली असते.

परिशिष्ट जूनमध्ये जोडलं गेलं तेव्हा त्यातून बरंच वगळलेलं होतं. महामार्गाच्या भरावाबद्दलचा परिच्छेद गेला, 'तालुक्याच्या अखत्यारीत नाही' म्हणून. पूररेषेतल्या नव्या बांधकामांचा नकाशा गेला, कारण न देता. अठ्ठावन्न राहिलं. जनावरांचा क्रम बदलला: ३९ फुटांना, म्हणजे इशारा पातळीलाच वैरण हलवायची आणि जनावरांसाठी वाहनं लावायची, माणसांच्या आदेशाची वाट न बघता. वायरलेसचं मान्य झालं. फिडर बंद करण्यापूर्वी वायरमनने कक्षाला कळवायचं, हेही. कोप्यांबद्दल एक ओळ आली, 'हंगामी मजुरांची माहिती संबंधितांकडून प्राप्त करून घ्यावी'. संबंधित कोण, ते लिहिलेलं नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगा धोका पातळीच्या वर गेली. २०१९ किंवा २०२१ सारखं काही झालं नाही, आणि आमच्या सहा पानांमुळे काही वाचलं असं मी म्हणणार नाही. दोन गावांत वैरण लवकर गेली. एका गावात सरपंचांनी परिशिष्ट वाचलेलंच नव्हतं. वायरमनचा फोन मात्र कक्षात खरंच आला. उचलणाऱ्याला तो कशासाठी आहे ते कळलं नाही, पण नोंदवहीत वेळ टाकून ठेवली.

आता उरलाय तो 'संबंधित' शब्द. त्यासाठी एक साधा तक्ता केलाय: टोळीचं गाव, मुकादमाचं नाव, कोयते, आणि चौथा रकाना 'सोबतची मुलं'. कोप्या कोणत्या गटात पडल्या त्याला पाचवा. तहसीलदारांच्या सहीने तो कारखान्यांना जायला हवा, बॉयलर पेटायच्या आधी आणि विधानसभेची आचारसंहिता लागायच्या आत, म्हणजे सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात. अर्ज काल दिला. विषय लिहिलाय, 'परिशिष्टातील कार्यवाहीबाबत'. आवक क्रमांक घेतलाय.